थ्रॉटल उसळतो, पण नेमका कुठे?

धावपट्टी समोर आहे, उंची ५०० फूट, वेग हवा तेवढाच. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा, लिव्हर किंचित मागे घेतला आणि इंजिनाचा आवाज उतरायच्या ऐवजी चढला. विमानाचं नाक वर आलं, वेग वाढला, आणि अर्धी धावपट्टी खालून निघून गेली तरी चाकं टेकेनात. घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या सिममध्ये, माझ्या बाबतीत हे जवळजवळ महिनाभर चाललं होतं. दर वेळी नाही, तीन-चार लँडिंगमधून एकदा. कधीतरी येणारा दोष जास्त छळतो, कारण दुरुस्त झाला की लपून बसलाय हे कळतच नाही.

मी थ्रॉटल पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट केला, म्हणजे लिव्हरची दोन्ही टोकं संगणकाला नव्याने शिकवली. स्क्रू काढून डबा उघडला, आत फुंकर मारली, परत बंद केला. दोष त्या डब्यात नव्हताच. माझ्या जॉयस्टिकच्या बैठकीवर अंगठ्याएवढा एक स्लायडर आहे. मी तो कधीच वापरत नाही. पण जॉयस्टिक पहिल्यांदा जोडली तेव्हा सिमने त्या स्लायडरलाही परस्पर थ्रॉटलचं काम देऊन टाकलं होतं. लँडिंगच्या वेळी जॉयस्टिक जास्त हलते, टेबल हलतं, स्लायडरचा आकडा एखाद्या पायरीने सरकतो, आणि सिमला वाटतं की वैमानिकाने नवा हुकूम दिला. मग खरा लिव्हर कुठेही असो, इंजिन त्या स्लायडरचं ऐकतं.

त्यानंतर मी एक क्रम ठरवला आणि थ्रॉटलची कुठलीही तक्रार आली की त्याच क्रमाने जातो. स्क्रूड्रायव्हर त्यात सगळ्यात शेवटी येतो.

लिव्हरपासून इंजिनापर्यंत

लिव्हर हलवल्यावर पुढे जातो तो फक्त एक आकडा. लिव्हरच्या मुळाशी सेन्सर असतो, तो लिव्हरच्या जागेनुसार कमीजास्त व्होल्टेज देतो. डब्यातली चिप त्या व्होल्टेजचा आकडा बनवते. तो यूएसबीच्या तारेतून संगणकात येतो. विंडोज त्याला आपल्या कॅलिब्रेशनच्या मापात बसवतं. सिम तो आकडा घेऊन ठरवतं की हा थ्रॉटल, हा प्रोपेलर, हा मिक्स्चर (इंधन आणि हवेचं प्रमाण). वर त्याला सेन्सिटिव्हिटीची वक्ररेषा लावतं, म्हणजे लिव्हर किती हलला की ताकद किती बदलायची ते ठरवतं. आणि बऱ्याच तपशीलवार बनवलेल्या विमानांत विमान स्वतः तो आकडा पुन्हा एकदा तपासून खाचांमध्ये, म्हणजे लिव्हरच्या ठरलेल्या जागांमध्ये, वाटतं. एवढ्या हातांतून गेल्यावर तो इंजिनापर्यंत पोहोचतो.

दोष शोधायचा म्हणजे हा आकडा पहिल्यांदा कुठे बिघडला ते शोधायचं. विंडोजपर्यंत तो नीट येत असेल तर डबा, सेन्सर, तार, हब (एका पोर्टातून अनेक पोर्ट देणारं उपकरण) सगळे निर्दोष सुटतात. विंडोजमध्येच तो थरथरत असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये कितीही वेळ घातला तरी हाती काही लागत नाही. ही एक गोष्ट आधी केली असती तर माझा तो महिना वाचला असता.

सेन्सर दोन प्रकारचे असतात आणि त्यांची दुखणी वेगळी, म्हणून आपल्याकडे कोणता आहे ते माहीत हवं. पहिला पॉटेन्शियोमीटर, बोलताना सगळे पॉट म्हणतात. त्यात कार्बनचा एक गोल पट्टा असतो आणि त्यावरून धातूची एक बारीक जीभ घासत फिरते. पट्ट्याच्या एका टोकाला पूर्ण व्होल्टेज, दुसऱ्या टोकाला शून्य. जीभ जिथे टेकली असेल तिथलं व्होल्टेज बाहेर येतं. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हीच वस्तू असते. ते बटण फिरवताना जी खरखर ऐकू येते, तीच खरखर थ्रॉटलमध्ये झाली की आपल्याला इंजिनाची उसळी म्हणून दिसते. पट्ट्यावरची धूळ, घासून निघालेला कार्बन, उडालेलं वंगण, कारण सगळं तेच.

दुसरा हॉल सेन्सर. वाहक पट्टीतून वीज वाहत असताना चुंबक जवळ आणला की पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज तयार होतं, हे एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवलं. लिव्हरच्या मुळाशी चुंबक, समोर सेन्सर, मध्ये हवा. काहीच घासत नाही, म्हणून झीजही नाही. पण चुंबकाचा डिंक सुटला आणि तो किंचित सरकला की सगळी मापं एकदम चुकतात. डब्याशेजारी स्पीकर किंवा चुंबकाचा फोन होल्डर ठेवला तरी आकडा सरकू शकतो. हॉल सेन्सरचा थ्रॉटल बिघडला असेल तर मी आधी टेबलावर काय काय ठेवलंय ते बघतो.

आधी विंडोजमध्ये बघा

सिम पूर्ण बंद करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करा. जोडलेल्या गेम कंट्रोलरची यादी येते. आपला थ्रॉटल निवडून प्रॉपर्टीज उघडलं की प्रत्येक अ‍ॅक्सिसची, म्हणजे एकेका लिव्हरच्या आकड्याची, पट्टी दिसते. लिव्हर खालून वर, वरून खाली, अगदी सावकाश न्या. पट्टी लिव्हरबरोबर जायला हवी, मध्ये अडखळायला नको, आणि दोन्ही टोकं गाठायला हवीत.

पट्टीपेक्षा आकडे जास्त बोलतात. तिथल्याच सेटिंग्जच्या पानावरून कॅलिब्रेशन सुरू केलं की 'डिस्प्ले रॉ डेटा' अशी टिक करायची चौकट मिळते. ती लावा म्हणजे कॅलिब्रेशनचा हात लागण्याआधीचा कच्चा आकडा दिसेल. बघून झालं की काही न बदलता रद्द करून बाहेर या. चिप ८ बिटची असेल तर पूर्ण प्रवासात २५६ पायऱ्या असतात, १० बिटची असेल तर १,०२४, १२ बिटची असेल तर ४,०९६. म्हणजे ८ बिटच्या थ्रॉटलची एक पायरी ०.४ टक्क्याच्या आसपास येते. तिथे आकडा शेजारच्या पायरीवर जाऊन-येऊन करत असेल तर तो दोष नव्हे, चिपचा स्वभाव आहे. दहा-वीस पायऱ्यांची उडी असेल तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

एक फसवा प्रकार इथेच सांगायला हवा. लिव्हर पूर्ण पुढे आहे, पण इंजिन ८५-९० टक्क्यांच्या वर जात नाही. सेन्सर थकला असेल असं वाटतं. पुष्कळदा झालेलं असं असतं की पूर्वी कधीतरी कॅलिब्रेशन चालू असताना घाणेरड्या पॉटने एक मोठी उसळी मारली आणि विंडोजने तिलाच 'सगळ्यात वरचं टोक' म्हणून लक्षात ठेवलं. खरा लिव्हर मग तिथे कधीच पोहोचत नाही. उपाय सोपा आहे: त्याच पानावर 'रीसेट टू डीफॉल्ट' दाबून जुनं कॅलिब्रेशन पुसा आणि नव्याने करा. थ्रॉटलच्या कंपनीने स्वतःचं कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर दिलं असेल तर तेच वापरा आणि विंडोजचं पुसलेलंच राहू द्या. दोघांनी एकाच आकड्यावर काम केलं की कोणाची चूक कोणावर चढली ते उलगडत नाही.

थरथर काय सांगते

कच्चा आकडा खरोखरच नाचत असेल तर लगेच डबा उघडू नका. तो कसा नाचतो ते पाच मिनिटं शांतपणे बघा. मला या सगळ्या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण नुसतं बघून आतलं बरंचसं कळतं.

आकडा एका ठरावीक जागीच उडतो, बाकी सगळीकडे शांत, तर पट्ट्यावर त्या जागी घाण आहे किंवा तो झिजला आहे. पॉट साधारण २७० ते ३०० अंश फिरू शकतो, पण थ्रॉटलचा लिव्हर त्यातला छोटासा तुकडाच वापरतो. त्या तुकड्यातही आपण दोनच जागी जास्त वेळ थांबतो, आयडल (सगळ्यात कमी ताकद) आणि क्रूझ (उंची गाठल्यावरचं सरळ उड्डाण). म्हणून झीज तिथेच आधी होते. माझ्या दुसऱ्या थ्रॉटलचा पॉट पाऊण प्रवासाच्या जागी असाच उडायचा, म्हणजे बरोबर जिथे मी तासन्‌तास क्रूझला लिव्हर ठेवत होतो तिथे.

आकडा सगळीकडे सारखाच थरथरतो, आणि त्याच डब्यातले बाकीचे लिव्हरही एकाच वेळी थरथरतात, तर पॉटला दोष देऊ नका. सगळ्यांना मिळणारी वीजच डळमळीत आहे. हब, यूएसबीची तार, डब्यातलं मुख्य जोड तपासा.

आकडा एकदम तळाला किंवा एकदम टोकाला जाऊन चिकटतो, लिव्हर हलवला की मधूनच परत येतो, तर सेन्सरकडे जाणाऱ्या तीन तारांपैकी एक तुटत आली आहे. पॉटच्या टोकांकडच्या दोन तारांपैकी एक सुटली की आकडा एका टोकाला जातो, दुसरी सुटली की दुसऱ्या टोकाला. मधली तार, म्हणजे जिभेकडची, सुटली तर गंमतीदार गोष्ट होते: आकडा अधांतरी भटकतो आणि कधीकधी शेजारच्या लिव्हरची नक्कल करतो. चिप एकेका सेन्सरचं व्होल्टेज आळीपाळीने मोजते; ज्याची तारच नाही तिथे आधी मोजलेल्याचं व्होल्टेज रेंगाळत राहतं. एक लिव्हर हलवला आणि दोन पट्ट्या हलल्या, तर हे लक्षात ठेवा.

आणि एक दोष विजेचा नसतोच. लिव्हर खालून वर आणत मधल्या खुणेवर थांबा, आकडा बघा. आता वरून खाली आणत त्याच खुणेवर थांबा. दोन आकड्यांत बराच फरक असेल तर लिव्हर आणि सेन्सरचा दांडा यांच्यात ढिलाई आहे. एखादा बारीक स्क्रू सैल झालेला असतो, नाहीतर प्लॅस्टिकच्या दातऱ्या चाकांमध्ये फट पडलेली असते. लिव्हर हलायला सुरुवात होते, पण सेन्सर थोडा उशिरा हलतो. हे कॅलिब्रेशनने कधीच सुटत नाही.

तार, हब आणि झोपणारा पोर्ट

यूएसबीचे दोष ओळखायला सोपे, म्हणून थोडक्यात. उड्डाण मध्यावर असताना विंडोजचा 'तुटलं' आणि लगेच 'जोडलं' असा आवाज येतो, किंवा दीड-दोन तास लिव्हर न हलवता क्रूझ केल्यावर तो प्रतिसादच देत नाही, तर वीज वाचवण्यासाठी विंडोजने पोर्ट झोपवला असण्याची शक्यता मोठी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट पानावरची परवानगीची टिक काढा आणि पॉवर प्लॅनमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर योक (विमानाचं स्टिअरिंग), पॅडल, थ्रॉटल आणि दिव्यांचं पॅनेल एकत्र लावलं की तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं असतं. यूएसबी २.० ची तार ५ मीटरपेक्षा लांब नको. तपासणीपुरता थ्रॉटल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावून बघा. थरथर थांबली तर दोषी हब किंवा वाढवलेली तार.

एकदा चांगला पोर्ट सापडला की तो बदलू नका, त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. ज्या उपकरणात स्वतःचा अनुक्रमांक नोंदलेला नसतो, ते दुसऱ्या पोर्टमध्ये लावलं की विंडोजला नवंच उपकरण वाटतं. मग कॅलिब्रेशनही नवं आणि सिममधली जोडणीही हरवलेली. सारखेच दोन थ्रॉटल शेजारी ठेवून चार इंजिनांची सोय करणाऱ्यांना हे फार जाणवतं: पोर्टची अदलाबदल झाली की डावा डबा उजव्याचं काम करू लागतो.

सिमच्या आत

विंडोजमध्ये आकडा स्वच्छ आहे आणि विमानात मात्र गोंधळ, असं असेल तर पहिला संशय दुहेरी जोडणीचा. नवं उपकरण जोडलं की मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर त्याला आपल्या मनाने कामं वाटून टाकतं. जॉयस्टिकचा स्लायडर, योकवरचा छोटा लिव्हर, गेमपॅड, थ्रॉटलचा डबा, हे सगळे एकाच थ्रॉटलवर हक्क सांगत बसतात आणि शेवटी जो हलला त्याचं चालतं. कंट्रोल्सच्या पानावर एकेक उपकरण उघडा, शोधायच्या चौकटीत थ्रॉटल टाइप करा, आणि डब्याखेरीज बाकी सगळीकडची थ्रॉटलची कामं काढून टाका. बटणांवर लावलेलं 'इन्क्रीज थ्रॉटल', 'डिक्रीज थ्रॉटल' हेही बघा. घाईत असाल तर थ्रॉटल सोडून बाकी सगळी उपकरणं काढून एक उड्डाण करा. दोष गेला तर उत्तर मिळालंच.

लिव्हर उलटा चालत असेल, म्हणजे मागे ओढल्यावर पूर्ण ताकद मिळत असेल, तर त्या अ‍ॅक्सिसवर 'रिव्हर्स अ‍ॅक्सिस'ची टिक लावा किंवा काढा. लिव्हर पूर्ण मागे असूनही इंजिन अर्ध्यावर, किंवा अर्ध्या प्रवासापर्यंत काहीच होत नाही आणि मग सगळी ताकद उरलेल्या अर्ध्यात, तर अ‍ॅक्सिसचा चुकीचा प्रकार निवडला गेला आहे. 'थ्रॉटल अ‍ॅक्सिस' आणि '० ते १०० टक्के' असं लिहिलेला थ्रॉटल अ‍ॅक्सिस या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या आकड्यांची पट्टी वेगवेगळ्या तऱ्हेने वाचतात. एक काढून दुसरी लावून बघा. दोन्ही एकाच वेळी ठेवू नका. दोन इंजिनांच्या विमानाला दोन लिव्हर लावायचे असतील तर 'थ्रॉटल १' आणि 'थ्रॉटल २' वेगळे द्या आणि साध्या 'थ्रॉटल'ची नोंद रिकामी ठेवा, नाहीतर एक लिव्हर दोन्ही इंजिनं ओढून नेतो.

आता डेडझोनबद्दल, म्हणजे लिव्हर हलला तरी सिम दुर्लक्ष करतं त्या पट्ट्याबद्दल. थरथर दिसली की डेडझोन वाढवा असा सल्ला सर्रास मिळतो, आणि थ्रॉटलच्या बाबतीत तो निम्मा चुकीचा आहे. साधा डेडझोन अ‍ॅक्सिसच्या मध्यावर काम करतो. जॉयस्टिकला ते ठीक, कारण ती सोडली की मध्यावर येते. थ्रॉटलचा मध्य म्हणजे ५० टक्के ताकद. तिथे मुका पट्टा तयार करून काय साधणार? अप्रोचला, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येताना, बारीक ताकद सांभाळताना लिव्हर हलतो आणि इंजिन ऐकत नाही, एवढंच होईल. थ्रॉटलला तो शून्य ठेवा. उपयोगाचा आहे तो टोकांचा डेडझोन, एक्स्ट्रिमिटी डेडझोन नावाचा. आयडलवर लिव्हर टेकवूनही सिममध्ये एक-दोन टक्के ताकद दिसत असेल, किंवा वर ९८ टक्क्यांवर अडकत असेल, तर तो दोन-तीन टक्के द्या. रिअ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे बदलाला सिम किती पटकन प्रतिसाद देतं ते, कमी केली की उसळ्या गुळगुळीत होतात खऱ्या, पण इंजिनही उशिरा ऐकू लागतं. पॉट येईपर्यंतची मलमपट्टी म्हणून चालेल.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिमचं कॅलिब्रेशन त्याचं स्वतःचं असतं. जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये ते सुरू करून सगळे लिव्हर दोन्ही टोकांपर्यंत न्यावे लागतात. विंडोजमध्ये काहीही दुरुस्त केलं की इथे परत यायचं, हे विसरलं जातं. एफएसयूआयपीसी हे सिमला उपकरणं जोडणारं वेगळं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर ठरवूनच टाकावं की थ्रॉटल सिम सांभाळणार की एफएसयूआयपीसी. दोन्हीकडे लावला की ती पुन्हा दुहेरी जोडणीच झाली.

विमानाचं वेगळं माप

एअरबस ए३२० च्या खऱ्या कॉकपिटमध्ये लिव्हरला खाचा असतात. आयडल शून्य अंशावर, सीएल (वर चढतानाची ताकद) २५ वर, फ्लेक्स (टेकऑफची थोडी कमी ताकद) ३५ वर आणि टोगा (पूर्ण ताकद) ४५ अंशांवर. ऑटोथ्रस्ट, म्हणजे ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू असताना लिव्हर सीएलच्या खाचेत नुसता बसून असतो, स्वतः हलत नाही. संगणक आतून ताकद कमीजास्त करतो. खऱ्या विमानात प्रत्येक लिव्हरला इंजिनाच्या संगणकाच्या दोन वाहिन्यांसाठी वेगवेगळे सेन्सर असतात. आपल्याकडे एका लिव्हरला एकच, आणि तो थरथरला की कोणाशी ताडून बघायची सोय नाही. आपल्या लिव्हरचा कोणता आकडा म्हणजे कोणती खाच हे सांगायला फ्लायबायवायर या गटाने सिमसाठी बनवलेल्या ए३२० सारख्या विमानांत कॉकपिटमधल्या टॅबलेटवर थ्रॉटल कॅलिब्रेशनचं वेगळं पान दिलेलं असतं. ते न भरता उड्डाण केलं की दोष लिव्हरचा वाटतो.

एका मित्राचा याच कारणाने फोन आला होता.

"अरे, विमान उतरलं, चाकं टेकली, तरी ते 'रिटार्ड, रिटार्ड' म्हणायचं थांबतच नाही. स्पॉयलरही उघडले नाहीत."

"लिव्हर पूर्ण मागे आहेत ना?"

"पूर्ण. आता त्याच्या मागे जागाच नाही."

"टॅबलेटवर थ्रॉटलचं पान उघड. डाव्याचा आकडा किती दिसतो?"

"उणे १.०० … आणि उजव्याचा उणे ०.९१."

तेवढंच होतं. उजवा लिव्हर हाताला आयडलवर होता, विमानाच्या हिशेबात आयडलच्या किंचित वर. २० फुटांवर सुरू होणारी 'रिटार्ड'ची, म्हणजे लिव्हर मागे घ्या अशी, सूचना लिव्हर आयडलवर आल्याशिवाय थांबत नाही, आणि आधीच सज्ज (आर्म) केलेले ग्राउंड स्पॉयलर, म्हणजे जमिनीवर पंखांवर उघडणाऱ्या फळ्याही दोन्ही लिव्हर आयडलला आल्याची वाट बघतात. त्याने उजव्याची आयडलची हद्द त्या आकड्याच्या थोडी वरपर्यंत वाढवून जतन केली आणि पुढचं लँडिंग सुरळीत झालं. सीएल आणि फ्लेक्सच्या बाबतीतही हाच नियम: हाताला खाच जाणवली म्हणजे विमानालाही जाणवली असं नाही. प्रत्येक खाचेत लिव्हर बसवून आकडा वाचा, आणि दोन्ही बाजूंना थरथरीपुरती मोकळीक ठेवा.

बोइंगचं निराळं. खऱ्या ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल, म्हणजे तिथली ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, लिव्हर स्वतः हलवतो. घरचा लिव्हर मोटारीशिवायचा असतो, तो जिथे सोडला तिथेच राहतो. क्रूझमध्ये ऑटोथ्रॉटलने ताकद एका जागी आणलेली असते, आपला लिव्हर भलत्याच जागी. ऑटोथ्रॉटल बंद केला की विमान एकदम आपल्या लिव्हरकडे झेपावतं. याला बिघाड म्हणू नका. बंद करण्यापूर्वी घरचा लिव्हर पडद्यावरच्या लिव्हरशी जुळवून घ्या. आणि ऑटोथ्रॉटल चालू असताना ताकद मध्येच हेलकावे खात असेल तर थरथरणारा पॉट त्याच्याशी भांडतो आहे. काही विमानांच्या सेटिंगमध्ये 'ऑटोथ्रॉटल चालू असताना बाहेरच्या लिव्हरकडे दुर्लक्ष कर' असा पर्याय असतो, तो लावा.

छोट्या विमानात लिव्हर मागे ओढल्यावर इंजिन बंदच पडत असेल तर तो लिव्हर थ्रॉटलऐवजी मिक्स्चरला जोडला गेला आहे का ते बघा. उलट, उंचीवर लिव्हर पूर्ण पुढे असूनही ताकद कमी पडते तेव्हा सगळं ठीकच असतं. टर्बो नसलेल्या पिस्टन इंजिनाला दर हजार फुटांमागे साधारण १ इंच (पाऱ्याचा) मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, गमवावा लागतो. जेट इंजिनही आयडलवरून ताकदीवर यायला काही सेकंद घेतं. ती ढिलाई लिव्हरची नसते.

डबा उघडायचा झालाच तर

एवढं सगळं करून दोष पॉटवरच येऊन थांबला, आणि वॉरंटी संपलेली असेल, तर डबा उघडा. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, बदलूनच घ्या.

यूएसबीची तार आधी काढा. झाकण उचलण्यापूर्वी आणि उचलल्याबरोबर फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, ते ज्या भोकातून निघाले त्या मांडणीने कागदावर ठेवा; लांब स्क्रू आखूड भोकात गेला की बाहेरचं प्लॅस्टिक फुटतं. लिव्हरच्या दांड्यावर घर्षणासाठी वॉशर आणि फेल्टच्या चकत्या असतात, त्यांचा क्रम फोटोत नीट येऊ द्या.

माझ्या पॉटच्या पत्र्याच्या खाचेतून आत टॉर्च मारली तेव्हा काळ्या पट्ट्यावर एके ठिकाणी राखाडी, चकचकीत ओरखडा दिसला आणि त्याच्या कडेला बारीक काळी पूड साचलेली. तीच ती पाऊण प्रवासाची जागा. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर त्या खाचेतून थोडासाच मारायचा आणि लिव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवायचा. दारं-बिजागऱ्यांना मारायचा तेलकट स्प्रे इथे वापरू नका. तो मागे थर ठेवतो आणि त्यावर धूळ आणखी घट्ट बसते. क्लीनर पूर्ण उडून जाईपर्यंत तार जोडायची नाही. नुसती घाण असेल तर एवढ्याने पॉट पुष्कळ महिने नीट चालतो. माझा तीन आठवडे चालला, कारण पट्टाच झिजला होता.

मग बदलणं आलं. मल्टिमीटर असेल तर आधी खात्री करा. पॉटच्या तारा सोडवून मधलं टोक आणि एक बाजूचं टोक यांच्यात रोध मोजत दांडा सावकाश फिरवा. आकडा सलग चढायला हवा. मध्येच हवेत गेला तर निकाल लागला. काट्याचा जुना मीटर असेल तर फारच छान, कारण काट्याचा झटका डोळ्याला लगेच दिसतो. नवा पॉट जुन्याइतक्याच रोधाचा घ्या, बहुधा १० किलोओहमचा असतो, पण जुन्यावर छापलेलं वाचूनच ठरवा. तो लिनियर हवा, म्हणजे दांडा फिरेल त्याच प्रमाणात रोध बदलणारा. आजकालच्या बहुतेक पॉटवर लिनियरसाठी बी हे अक्षर असतं आणि आवाजाच्या बटणांसाठीच्या प्रकारावर ए. ए लावला तर लिव्हरच्या एका बाजूला बोटभर हालचालीत अर्धी ताकद आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, असं विचित्र इंजिन मिळेल.

दांड्याची लांबी आणि सपाट बाजूही जुळवून घ्या. बसवताना लिव्हर मध्यावर आणि पॉटही मध्यावर ठेवून मगच स्क्रू आवळा, म्हणजे लिव्हर टोकाला जाण्याआधी पॉट संपणार नाही. झाकण लावण्यापूर्वी एकदा तार जोडून कच्चा आकडा दोन्ही टोकांपर्यंत तपासा. झाकण आवळल्यावर पुन्हा एकदा तपासा. मी पहिल्यांदा बंद केलं तेव्हा एक तार झाकणाच्या कडेखाली दाबली गेली होती आणि आकडा शून्यावर चिकटून बसला होता.

नव्या पॉटची टोकं जुन्याच्या जागी येत नाहीत. म्हणून जुनं कॅलिब्रेशन आधी विंडोजमधून पुसा, मग तिथलं नवं, मग सिममधलं, आणि विमानाच्या टॅबलेटवरच्या खाचा सगळ्यात शेवटी.